आवाज आधी येतो

तोमोहोनच्या आसपास डोंगरावरच्या कुठल्याही चर्चमध्ये स्पीकर बिघडला की यूल्से वोवोरला निरोप जायचा, आणि यूल्से आली की तो दुरुस्त व्हायचाच. सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती अशाच एका चर्चच्या मंचावर गुडघे टेकून बसली होती. गाणाऱ्यांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर सारखा घरघरत होता.

"मिक्सर एका बोर्डावर, हा दुसऱ्यावर. दोन अर्थिंग भांडतायत," ती म्हणाली. तिने दोन्ही पिना एकाच बोर्डात खोचल्या आणि घरघर सुरीने कापावी तशी तुटली.

गायनमंडळाचे प्रमुख आल्फ्रिट्स काका खूश झाले. त्यांनी मेइके मावशीला तिचं एकटीचं कडवं म्हणायला सांगितलं. दोन ओळींतच मावशी थांबली.

"यूल्से, माझा आवाज यातून आधी येतोय गं."

"मागून येत असेल, मावशी. आधी कसा येईल?" यूल्से हसली.

तरी तिने कान लावला. मॉनिटरच्या खोक्यातून श्वास घेतल्याचा आवाज आला. मग मावशीने श्वास घेतला. खोक्यात खोकल्याची उबळ आली. मग मावशी खोकली.

यूल्सेने मिक्सरवरची आवाजाची पट्टी खाली ओढली. फरक नाही. माईकची वायर काढली. शेवटी मॉनिटरची पिनच उपटली. त्याचा हिरवा दिवा विझला.

"झालं," ती ठामपणे म्हणाली.

"पाणी द्या कुणीतरी," खोक्यातून मावशीचा आवाज आला.

मावशी तर गप्प उभी होती. काका तिला पुढच्या कडव्याची चाल समजावत होते. त्यांचं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पाणी द्या कुणीतरी."

खोक्यातला आवाज आणि खरा आवाज यांच्यामधलं अंतर वाढत चाललं होतं.

मग खोक्यातून काकांचा आवाज आला. हळू, विनवणीचा.

"मेइके, डोळे उघड."

काकांचे ओठ मिटलेले होते.

"मावशी, तुम्ही आधी बसा," म्हणत यूल्सेने तिचा दंड धरून तिला मंचावरच्या बाकावर बसवलं. "काका, गाडी काढा. दवाखान्यात जाऊ."

मला काय धाड भरलीय, म्हणत मावशी हसली.

खोक्यात लाकडी बाक आडवा पडल्याचा आवाज झाला.

मंचावर बाक एकच होता.