वरच्या ओळीतली रिकामी जागा

संग्रहालयाच्या लांबट दालनात, भिंतीवर दोन ओळी आकार घेत होत्या. वर पदार्थविज्ञानाचे शोध, खाली विजेची आद्य उपकरणं, दोन्ही सालवार. मांडणी करणारी बाई सकाळपासून फलक सरळ करत होती. हात इथे होते. जीव मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर टांगलेला होता. दाराआड तिच्या वडिलांचं हृदय उघडलेलं होतं. बाहेर धाकटा भाऊ बसला होता. "इथे येऊन माझं डोकं खाण्यापेक्षा कामात राहा," असं त्यानंच बजावलं होतं.

शिडीवरून सुतार म्हणाला, "मॅडम, खालचं साल आधीचं आणि वरचं नंतरचं? काहीतरी गडबड आहे."

"नाही. दिव्याच्या पोकळीतून वीज वाहताना दिसली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. स्फटिक वीज एकाच दिशेनं सोडतो, हे कळलं. पण का, ते सांगायला दोन पिढ्या गेल्या."

"म्हणजे काम आधी, अक्कल मागून. आमच्या घरासारखंच."

ती हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

सुतार जेवायला गेला. शेवटची वस्तू उरली होती: बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानातला रेडिओ. त्याची वायर संग्रहालयाच्या नियमाप्रमाणे प्लगपाशी कापलेली, मागचं झाकण काढलेलं. आतली एक काचेची नळी मेलेली. हवा शिरली की नळीच्या माथ्यावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडतो आणि ती पुन्हा कधी पेटत नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. नळी तपासायची त्यांची रीतही ठरलेली: चालू रेडिओत काचेवर नखानं दोन टिचक्या मारायच्या आणि स्पीकरमध्ये त्या घुमतात का ते ऐकायचं. टिचक्या मारणाऱ्या त्यांच्या तर्जनीच्या पेरावर सोल्डरिंगच्या चटक्याचा आडवा व्रण होता.

आधी वास आला. तापलेल्या धुळीचा, जुन्या वार्निशचा. दुकान उघडल्यावर यायचा, तोच.

मग पांढऱ्या डागाखाली एक नारिंगी ठिपका उजळला.

तिनं वायर पाहिली. तांब्याची टोकं फळीवर मोकळी पडली होती.

स्पीकरमधून आवाज आला. टिंग. टिंग.

सवयीनं तिनं नखानं दोन टिचक्या परत दिल्या.

काही नाही. ठिपका मंदावत चालला.

"बाबा," ती पुटपुटली, "थांबा."

टिंग.

बऱ्याच वेळानं, टिंग.

ठिपका विझला आणि फोन वाजला.

"ताई, बाबा ठीक आहेत! ऐकतेस ना? मध्येच हृदय बंद पडलं होतं, काही केल्या चालू होईना. मग आपसूकच ठोके धरले. का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना."

"गाढवा," ती म्हणाली, आणि जमिनीवर बसून पोटभर रडली. कित्येक दिवसांनी श्वास छातीच्या तळापर्यंत गेला. दालनातलं ऊनही तिला जवळच्या माणसासारखं वाटलं.

डोळे पुसून ती उठली. रेडिओ खालच्या ओळीत ठेवला. वरच्या ओळीत, त्याच्या पुढे कुठेतरी, एक कोरा फलक लावला. नळी आता गार होती, डाग तसाच पांढरा. काचेवर बोटाचा ठसा राहिला होता. तिनं मऊ फडकं घेतलं. पुसलं, पुन्हा पुसलं, मग नळी काढून भिंगाखाली धरली.

ठशाच्या मधून आडवा व्रण गेला होता. ठसा काचेच्या आतल्या बाजूला होता.