दहावा दिवस मोकळा

ती माळ्यावर गुडघे टेकून बसली होती. केसांत जळमटं, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, नाकातोंडात तीस वर्षांची धूळ. खाली उघड्या दारात कोणीतरी खाकरलं.

"रद्दी कोपऱ्यात बांधून ठेवलीय," ती वरूनच म्हणाली. "उचला आणि जाताना दार ओढून घ्या."

खाली सुतळीची गाठ सुटली, कागद चाळले गेले.

"ही रद्दी नाही," खालून सावकाश उत्तर आलं. "यात कोणाचं तरी चौथीचं प्रगतिपुस्तक आहे. गणितात बरे मार्क आहेत. शेरा मात्र... 'घाई करते'."

तिने माळ्याच्या कडेवरून डोकं बाहेर काढलं. खाली एक सडपातळ तरुण उभा होता. बगलेत पुठ्ठ्याचं पॅड, कानावर पेन्सिल, आणि ओठ घट्ट मिटलेले, हसू बाहेर पडू नये म्हणून. रद्दीवाले असे नसतात, एवढं तिला कळलं.

"मी सामान हलवणाऱ्या कंपनीतून आलोय," तो म्हणाला. "बांधाबांधीला किती दिवस लागतील, ते ठरवायला."

ती शिडीवरून उतरली तेव्हा त्याने शिडी धरून ठेवली आणि मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, सगळं, तारखांसकट.

वडील नुकतेच निवृत्त झाले होते. भाऊ दूरच्या शहरात, वहिनीचे दिवस भरत आलेले, आणि आईचा जीव तिकडे लागलेला. तेव्हा चार खोल्यांचं बिऱ्हाड उचलून दोन दिवसांच्या वाटेवर न्यायचं ठरलं होतं. तिने, घरातल्या धाकटीने, वकिलाच्या ऑफिसातली टायपिस्टची नोकरी सोडली होती आणि हे काम अंगावर घेतलं होतं. घरात तिला 'घाई' म्हणूनच हाक मारत. तिने केलेला चहा उकळायच्या आधी कपात असतो, असं वडील म्हणत.

तो घरभर फिरला. सामान मोजत मात्र नव्हता. कपाटं उघडायला सांगायचा आणि बघत राहायचा, आई फुलदाणीवरून हात कसा फिरवते, वडील जुन्या छत्रीशी किती वेळ थांबतात.

"तुम्ही आकडा कशाचा लिहिताय?" तिने विचारलं.

"थांबण्याचा. सामान बांधायला फार वेळ लागत नाही. माणूस एकेका वस्तूपाशी थांबतो, त्याला लागतो."

"मी कुठेच थांबत नाही."

"ते प्रगतिपुस्तकात वाचलं."

शेवटी त्याने पॅडवरून मान वर केली. "दहा दिवस."

"दहा? या चार खोल्यांना? मी पाच दिवसांत उरकून दाखवते."

"दाखवा," तो म्हणाला. "पण मी दहाच सांगणार."

वडील आरामखुर्चीतून पुटपुटले, "अंदाजपंचे दाहोदरसे." तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव अंदाजपंचे पडलं.

त्याने तिला कागदावर वेळापत्रक आखून दिलं. पहिला दिवस माळा, दुसरा पुस्तकं, मग कपडे, भिंतीवरच्या तसबिरी... रोज लागणारं स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी, नवव्या दिवशी. दहाव्या दिवसासमोर फक्त 'मोकळा' असं लिहिलं होतं.

"मोकळा कशाला?"

"काहीतरी राहून जातंच," तो म्हणाला आणि पेन्सिल कानावर खोचली.

तो रोज संध्याकाळी यायचा, सायकलला घडी केलेले खोके बांधून. ओल्या पुठ्ठ्याचा वास त्याच्या आधी जिन्यातून वर यायचा. काचेचा पेला कागदाच्या कोपऱ्यापासून कसा गुंडाळायचा, त्याच्या पोटात कागदाचा बोळा का घालायचा, बशा आडव्या नाही तर उभ्या का ठेवायच्या, हे सगळं तो दाखवायचा. वर्तमानपत्राची शाई तिच्या बोटांना लागायची. एकदा बोलता बोलता तो थांबला आणि स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. तिने आपलं नाक पुसलं. डाग आणखीच पसरला असणार, कारण तो खिडकीकडे वळला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"हसायचं तर समोर हसा."

"नको. मग तुम्ही पुसून टाकाल."

तिसऱ्या दिवशी ती कागदावरच्या पाचव्या दिवसापर्यंत पोचली. शाबासकीच्या आशेने ती दारातच उभी होती. त्याने भिंतीला लागलेली खोक्यांची रांग बघितली. चेहरा काही खुलला नाही.

"हे चार पुन्हा भरावे लागतील. तळाला कागद कमी पडलाय."

"चांगला वीतभर आहे."

"रस्ता लांबचा आहे," तो म्हणाला आणि मांडी घालून बसला.

चार खोके उपसून पुन्हा भरण्यात ती संध्याकाळ गेली, पुढची अशीच आणखी तीन खोक्यांत. ती त्याच्याशी भांडत होती, त्याला 'कासव' म्हणत होती, आणि सहाचे ठोके पडायच्या आधी केस विंचरत होती. आईने ते बघितलं. "जरा दमानं घे गं," एवढंच म्हणाली.

पाचव्या संध्याकाळी तिच्या हातात बशांची चळत होती. तो जायला निघाला आणि उंबऱ्यात घुटमळला.

"उद्यापासून मी नाही. तालुक्यापलीकडे एक मोठं घर आहे, तिकडे तीन-चार दिवस. नवव्या दिवशी संध्याकाळी परत येईन."

"बरं."

"दहावा दिवस मोकळा ठेवा. मला एक विचारायचंय."

"मग आत्ताच विचारा की."

त्याने तिच्या हातांकडे बघितलं. "आत्ता तुमच्या हातात बारा बशा आहेत."

तो जिना उतरून गेला. सायकलची घंटा एकदाच वाजली... विनाकारण, रस्त्यावर कोणी नसताना. ती बशा घेऊन तशीच उभी राहिली. ती एखाद्या जागी अशी थांबलेली घराने पहिल्यांदाच बघितली असेल.

आणि मग तिच्या अंगात कामाचं वारं शिरलं. तो येईल तेव्हा आपले हात रिकामे हवेत, हे एकच डोक्यात. एक दिवस नाही, दोन-तीन दिवस मोकळे हवेत. कागदावरचे चार दिवस तिने दोन दिवसांत संपवले. एक भांडं आणि तीन कप बाहेर ठेवून सातव्या दिवशी संध्याकाळी तिने शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी मारली आणि हात झटकले. आता काय, नुसती वाट बघायची.

वडिलांनी कौतुकाने भावाला फोन लावला. "तुझ्या बहिणीने सात दिवसांत घर गुंडाळलं बघ."

भावाने लगेच कंपनीला फोन केला. तासाभराने वडील हात चोळत तिच्याकडे आले. "उद्या सकाळी त्यांची गाडी तिकडेच निघतेय. आणखी चार दिवस कशाला थांबायचं... उद्याच निघू. वहिनीलाही सोबत होईल. काय?"

"उद्या?" ती म्हणाली. "पण दहा दिवस ठरले होते."

"अगं, 'दहा कशाला' म्हणून तूच तर घर डोक्यावर घेतलं होतंस. आता काय झालं?"

आता काय झालं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वडील काही रागीट नव्हते. फार तर हसले असते, चिडवलं असतं, आणि गाडी तीन दिवस पुढे ढकलली असती. आईने तिच्याकडे बघितलं, वाट बघितली. पण तिला वाटलं, कशाच्या जोरावर सांगू? त्याने अजून विचारलंय कुठे? आणि बारा बशांची गोष्ट सांगितली तर कोणाला तरी कळेल का?

"काही नाही," ती म्हणाली.

सकाळी गाडी आली. खोके भराभर खाली गेले. तिने इतके नीट बांधले होते की कोणाचा हात अडायला जागाच नव्हती. मुकादम म्हातारा होता, बोलका. कागदावर वडिलांची सही घेताना म्हणाला, "आमच्या साहेबांचा अंदाज कधी चुकत नाही. या घराचा मात्र चुकला."

"तर काय," वडील म्हणाले. "दहा सांगितले, माझ्या मुलीने सात दिवसांत केलं."

"दहा? छे. हे बघा, पाच."

तिने कागद हातात घेतला. ऑफिसची प्रत होती. त्याच पेन्सिलीने, त्याच सावकाश अक्षरात लिहिलं होतं : बांधाबांधी पाच दिवस. गाडी अकराव्या दिवशी.

उरलेले पाच दिवस कुठून आले, ते तिला तिथे, रिकाम्या खोलीत, एका झटक्यात कळलं. सात खोके का उपसले, तेही कळलं. त्याचा अंदाज अगदी बरोबर होता. त्याने फक्त आपल्यासाठी थोडा वेळ मागून घेतला होता, आणि तिने तो मन लावून, रात्रंदिवस खपून संपवला होता.

"त्यांना..." ती मुकादमाला म्हणाली. "त्यांना सांगाल?"

"काय सांगू, बाई?"

खाली हॉर्न वाजला. आई गाडीत बसली होती, वडील कुलूप घेऊन उभे होते. मिनिटाला साठ शब्द बडवणाऱ्या तिला एक शब्द सुचला नाही.

"सांगा... सगळं नीट झालं."

मुकादमाने तो निरोप नक्की पोचवला असणार. साधा, सरळ माणूस होता.

नव्या घरात दहावा दिवस उजाडला तेव्हा सगळे खोके उघडण्यात गुंतले होते. ती खिडकीशी बसून होती. वडिलांनी दोन हाका मारल्या. "राहू दे तिला आज," आई म्हणाली आणि तिच्यासमोर चहाचा कप ठेवून गेली. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी ती उठली नाही.

पत्र लिहायला तिला सहा महिने लागले. लिहायची, फाडायची. कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं, की ते गृहस्थ नोकरी सोडून गेले, पत्ता ठाऊक नाही. पुढे तिला स्थळं आली, एक पसंत पडलं, संसार झाला, चांगला झाला. आणखी तीनदा घर बदललं. बशा ती अजूनही उभ्याच ठेवते.

त्या वर्षी वहिनीला झालेली मुलगी आता मोठी झाली आहे. परवा तिची परदेशी बदली ठरली. वही-पेन घेऊन ती आत्याकडे आली. केस पांढरे झाले तरी भावाच्या घरात आत्याला अजून घाईच म्हणतात.

"आत्या, तुला सगळं माहीत असतं. दोन खोल्यांचं सामान बांधायला किती दिवस धरू?"

आत्याने आधी वहीकडे बघितलं, मग भाचीकडे. पलंगावर पडलेला मोबाइल दर दोन मिनिटांनी उजळत होता, आणि दर वेळी पोरगी तो बघायचा नाही असं ठरवून बघत होती.

"दहा," आत्या म्हणाली.

"काहीतरीच. चार पुरतील."

"पुरतील गं. तू दहाच सांग."

"आणि बाबांनी गाडी लवकर बोलावली तर?"

"नको म्हणायचं."

"का म्हणून विचारतील की."

आत्याने तिच्या हातातलं पेन घेतलं, वहीत एकाखाली एक दहा दिवसांचे आकडे घातले आणि दहाव्या दिवसासमोर, सावकाश अक्षरात, एक शब्द लिहिला.

"विचारलं, तर सांगायचं."