दिग्रसच्या काट्यावर अडकलेली फाइल

मंदार चहाच्या टपरीवरून परतला तेव्हा जिनिंगच्या फाटकापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि वजनकाट्याच्या खोलीत सकाळचीच ती मुलगी त्याच्या लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसली होती. बबिता. काट्याचा प्रोग्राम हिनेच स्वतः शिकून लिहिलेला. तो पुन्हा अडकला तर नागपूरहून तयार प्रोग्राम आणीन, असं मालकांनी बजावलं होतं, आणि तपासायला यवतमाळहून इंजिनिअर मंदारला बोलावलं होतं. सकाळपासून तो चष्म्याआडून चोरून बघतोय, हे बबिताने केव्हाच हेरलं होतं. तिलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोला!

पण आधी प्रोग्राम.

"तुमच्या तपासायच्या मॅक्रोनं वजनाची फाइल धरून ठेवली, म्हून काटा बंद पडला," ती म्हणाली.

"शक्यच नाही. एरर आला तरी शेवटी मी सगळं बंद करतो."

"करता न. पण टेबलाचं नाव चुकलं, म्हून नोंदींचा रेकॉर्डसेट उघडलाच नाई. अन् न उघडलेलं बंद करायले गेले, तर तिथंच दुसरा एरर. फाइलचं कनेक्शन बंद करायची ओळ त्याच्या खाली राह्यली. अन् तुमी एररची चौकट तशीच ठेवून चहा प्याले गेलते."

मंदारने ओळ वाचली. कान लालबुंद झाले. ती सरसावली... माउसवर बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. मग तिने अडकलेला मॅक्रो थांबवला आणि त्यात अट घातली: रेकॉर्डसेट उघडा असेल तरच बंद कर, कनेक्शनचंही तसंच. बाहेर काटा सुरू झाला.

तेवढ्यात मालक तणतणत आले. चूक कोणाची, विचारू लागले. बबिता खुर्चीवरून उठून उभी राहिली. इंजिनिअरच्या शब्दापुढे तांड्यावरच्या पोरीचं कोण ऐकणार?

"माझी," मंदार म्हणाला. "यांचा प्रोग्राम उत्तम आहे. नागपूरचा आणू नका."

मालक पुटपुटत निघून गेले. तिला एवढं हलकं वाटलं की हसूच आलं. त्याचं काम तर संपलं होतं, पण तो बॅगेची चेन नुसतीच उघडत-लावत होता.

"काहून थांबून राह्यले?"

"ते... म्हणजे—"

"तुमच्या भरवशावर राह्यली त सांज होईल. मले तुमी आवडता."

मंदारने बॅग खाली ठेवली. "मलाही... तू. तुझ्या घरी कोणाशी बोलू?"

"माह्या बाशी. पण घाबरू नका," बबिता म्हणाली, "त्याले खरं बोलणारा माणूस लई आवडते."