उसनं कातडं

"बाई, ते वासरू टाकून देऊ नका."

टॅम्सिनने मान वर केली. बर्फ इतका पडत होता, की ओढ्यापलीकडचं कुरण कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे कळत नव्हतं. त्या पांढऱ्यातून एक घोडा आला, आणि घोड्यावर नुसत्या सदऱ्यातला एक माणूस. एप्रिल सरत आला होता, पण वायोमिंगचा हिवाळा जातो जातो म्हणत उंबऱ्यातच घुटमळत होता. त्या माणसाचा कोट त्याच्या पुढ्यात, खोगिरावर गुंडाळून ठेवलेला होता... आणि कोटातून एक ओलं नाक बाहेर आलं होतं.

"मेलंय ते," टॅम्सिन म्हणाली. पहाटे मेलेलं काळं वासरू पायाला दोर बांधून ती गोठ्यामागे ओढत नेत होती.

"म्हणूनच म्हणतोय. त्याची आई आहे ना? ह्याची घळीत मरून पडलीय." तो खाली उतरला. थंडीने ओठ निळे पडलेले, तरी बोलणं सावकाश. "ऑरिन टॅलमज. नदीच्या उताराशी गुरं गोळा करायची मोहीम जमतेय, तिकडे चाललो होतो."

"आणि वाटेत अनाथ वासरं घेऊन दारोदार फिरता?"

"धूर दिसेल त्याच दारी. कॉफीचा वास आला की घोडा आपोआप वळतो, माझा इलाज नाही." मग तो हसू आवरून म्हणाला, "धारेचा सुरा आहे का घरात?"

तो काय करणार ते तिला ठाऊक होतं. एफ्रम, तिचा नवरा, हे करायचा. पण तिला तो गोठ्यात येऊ द्यायचा नाही. आज मेलेल्या वासराचे पाय तिनेच धरले. ऑरिनने कातडं सोडवलं, चार पायांना चार भोकं ठेवली, शेपूट तशीच राहू दिली. मग ते काळं, ओलं कातडं त्याने आपल्या तांबूस वासराच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवलं आणि पोटाखालून सुतळीने बांधलं.

मेलेल्या वासराची आई, डचेस, गोठ्याच्या कोपऱ्यात पाय आपटत उभी होती. वासरू धडपडत तिच्याकडे गेलं. तिने शिंगं खाली केली... हुंगलं. पाठ हुंगली, शेपटीखाली नाक नेलं, पुन्हा पाठ हुंगली. आणि मग तिच्या घशातून एक आवाज आला. हंबरणं नव्हतं ते, फार खालचा, फक्त वासरासाठी असतो तो.

टॅम्सिनचे हात रक्ताने माखले होते. तिने कोपरानेच डोळे पुसले. ऑरिन त्याच वेळी छपराचं आढं फार लक्षपूर्वक बघू लागला.

"फसवणूकच ही," ती म्हणाली.

"हो. पण थोड्या दिवसांची. तिचं दूध पोटात गेलं, की ह्याच्या अंगालाच तिचा वास यायला लागतो. मग कातडं काढायचं. लवकर काढलं तर लाथ मारते. उशीर झाला तर कुजतं."

"नेमकं कधी, ते कसं कळतं?"

"गायीला कळतं. आपण बघत राहायचं."

घरात म्हातारा सायलस चुलीपाशी बसला होता. एफ्रमचा बाप. डोळ्यांवर पडदा आला होता. माणसं त्याला सावल्यांसारखी दिसत. पण कान फार तिखट.

"गुराखी म्हणवतोस, आणि कोट वासराला घालून स्वतः उघडा? तुझ्या मालकाने काय बघून ठेवलं तुला?"

"कमी खातो म्हणून, बाबा."

"मक्याच्या भाकरीचा हा चौथा तुकडा आहे. दिसत नाही मला, पण ऐकू येतं."

टॅम्सिन हसली. हसली तशी स्वतःच दचकली. त्या घरात हा आवाज फार दिवसांनी झाला होता.

बर्फाने खिंड बंद केली. ऑरिन गोठ्यात वासराशेजारी झोपे, दिवसा पडेल ते काम करी. लाकडं फोडली, कुंपणाचे मोडके खांब उभे केले, विहिरीवरचा बर्फ रोज फोडला. बादली घरात आणताना तो उंबऱ्याबाहेर थांबे आणि तिने हात पुढे केल्यावरच देई. कडी देता-घेताना बोटं लागत... ती घाईने बादली उचले, आणि अर्धं पाणी तिच्याच पायावर सांडे.

"बादलीला भोक पडलंय वाटतं," तो गंभीरपणे म्हणे.

"भोक नाही. देणाऱ्याचा हात थरथरतो."

"थंडीनं, बाई."

थंडी होतीच. त्याचा कोट वासराच्या ओलीने भिजून गोठला होता, आणि चुलीपाशी वाळवताना शिवणीशिवणीत फाटला. टॅम्सिनने पेटी उघडली. एफ्रमचा तपकिरी कोट तळाशी होता. गेल्या शरदात नदी ओलांडताना एफ्रम वाहून गेला, त्या दिवशी ऊन होतं, म्हणून कोट घरी राहिला होता. तिने तो झटकला, क्षणभर तोंडाशी धरला आणि बाहेर नेऊन दिला.

ऑरिनने तो अंगावर चढवला. खांद्यात तो आखूड होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी उभी होती. अंगणातून तपकिरी कोट चालत गेला, आणि तिच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात उडालं, की तिने चौकट धरली. कोणासाठी उडालं, हे तिचं तिलाच कळेना. त्याचीच तिला भीती वाटली.

दार उघडंच होतं. सायलस काठी टेकत उंबऱ्यात आला होता. समोरून कोट येत होता.

"एफ्रम?" म्हातारा म्हणाला. "आलास होय... घोड्याला पाणी दाखवलंस का रे?"

ऑरिन जागच्या जागी थांबला. मग त्याने कोट काढला. तिथेच, बर्फात उभं राहून. जवळ येऊन म्हाताऱ्याचा हात आपल्या सदऱ्यावर ठेवला.

"मी ऑरिन, बाबा."

"माहितेय. गंमत केली," सायलस म्हणाला. पण त्याने हात लगेच काढला नाही.

टॅम्सिन गोठ्यात गेली, तेव्हा कोट घडी करून गवतावर ठेवलेला होता.

"ऊब आहे त्यात," ऑरिन म्हणाला. "पण पेटीतच ठेवा."

"थंडीने मराल अशाने."

"बाई, मी वासरू नाही."

डचेस रवंथ करत होती. 

"तुम्ही खिडकीत होता," तो हळू आवाजात म्हणाला. "कोणाकडे बघत होता, एवढंच सांगा. माझ्याकडे असेल, तर मोहीम गेली उडत. त्याच्याकडे असेल तर... त्यात वाईट काही नाही. पण मग मी जातो. बर्फ वितळायला लागलाय, खिंड उद्या उघडेल."

खोटं बोलणं किती सोपं होतं. 

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, आणि तेच तिला सहन होईना.

सकाळी वळचणीतून पाणी ठिबकत होतं. टॅम्सिन गोठ्यात गेली, तर वासराच्या अंगावरचं कातडं एका खांद्यावरून घसरलं होतं, आणि डचेस ती उघडी पडलेली तांबूस जागाच चाटत होती. कातड्यावर तोंडही फिरवत नव्हती. टॅम्सिन खूप वेळ बघत राहिली. मग तिने सुरा घेतला, एकेक सुतळी कापली आणि कातडं ओढून बाजूला टाकलं.

वासरू दिवसाच्या पहिल्या उजेडात उभं राहिलं. मेलेल्याहून किती निराळं... लांब पाय, कपाळावर पांढरा ठिपका. डचेसने हुंगलं. मागचा पाय उचलला. टॅम्सिनने श्वास रोखला. पाय खाली आला, आणि गाय त्या ठिपक्यावरून जीभ फिरवू लागली.

टॅम्सिन बाहेर आली. अंगणाच्या टोकाला ऑरिन घोड्यावर खोगीर टाकत होता. पाठ तिच्याकडे, अंगात नुसता सदरा, थंडीने खांदे शहारलेले दिसत होते. खोगिराशी तो काहीतरी पुटपुटत होता, बहुधा घोड्याची समजूत काढत होता. एफ्रम घोड्याशी कधी बोलायचा नाही.

ती तशीच उभी राहिली. छातीत पुन्हा उडालं, कालच्याच जोराने.

"निघालाय तो," दारातून सायलस म्हणाला. "खोगिराचा तंग आवळतोय, ऐकू येतंय. सूनबाई, एफ्रम डावा पाय घासत चालायचा. हा घासत नाही. काल मला पावलावरूनच कळलं होतं, हा तो नव्हे."

"मग हाक का मारलीत, बाबा?"

"मारावीशी वाटली. फार दिवस मारली नव्हती." तो काठीवर जरा वाकला. "मी म्हातारा आहे, माझं चालतं. तू तसं करू नकोस."

ती चिखलातून चालत गेली. ऑरिनने रिकिबीत पाय ठेवला होता.

"जरा थांबता का?"

"काही राहिलं का माझं?" त्याने पाय खाली घेतला.

"हात पसरा."

तो गोंधळून वळू लागला. "वळू नका," ती म्हणाली. तिने कमरेच्या एप्रनची नाडी सोडवून घेतली, तिचं एक टोक त्याच्या डाव्या खांद्यावर दाबलं आणि दुसरं उजव्यापर्यंत ओढलं. तिची बोटं गार होती, त्याची पाठ सदऱ्याआडूनही गरम.

"तुमचे खांदे रुंद आहेत. तो कोट उसवून पुरणार नाही. माझ्याकडे राखाडी घोंगडी आहे, तिचा नवा कोटच बेतते."

 घोड्याने मान झटकली.

"किती दिवस लागतील?"

"माझा हात सावकाश चालतो."

"मोहीम आज नदी ओलांडेल, बाई."

"ओलांडू दे." नाडी तिने त्याच्या मनगटापर्यंत नेली. तो समोर बघत होता, म्हणून तिला बोलता आलं. "काल तुम्ही विचारलंत, तेव्हा खरंच माहीत नव्हतं. आज अंगावर त्याचा कोट नव्हता तुमच्या. तरी मी बघतच उभी राहिले... तुमच्याकडे, ऑरिन."

पहिल्यांदाच तिने त्याचं नाव घेतलं होतं. त्याच्या खांद्यांतून जाणारा श्वास तिला नाडीतून कळला.

"झालं माप?" त्याने विचारलं. 

माप केव्हाच झालं होतं.

"अजून नाही," टॅम्सिन म्हणाली, आणि तिने कपाळ त्याच्या पाठीला टेकलं. तो दोन्ही हात तसेच पसरून, न हलता, उभा राहिला.