तारेखालचा मोहा

मोहफुलं वेचणं काही खायचं काम नव्हे, बाप्पा! तांबडं फुटताना झाडाखाली हजर व्हावं, नाहीतर हरणं तुमच्या आधी न्याहारी उरकून मोकळी. त्या दिवशी लालसूला जाग यायला उशीर झाला. पाहतो तर कोपऱ्यातली टोपली नाही, अन् बायको सुकरीही नाही.

शेजारची बुधरी कुंपणाआडून म्हणाली, “तारेखालच्या मोहाकडं गेली ते. म्हणे, बाकीची झाडं सरली, पावसाळ्यात लेक मंगली काय खाईल?”

कुठंही जा, पण त्या झाडाकडं जाऊ नको, असं लालसूनं सुकरीला दहादा बजावलं होतं. कारण मात्र सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

भद्रावतीच्या पुढं कोळशाच्या खाणीसाठी जंगलातून बिजलीची नवी लाइन गेली होती, ऐन त्या मोहावरून. मागल्या साली, सत्तावनच्या चैतात, लालसूनं झाडाखालच्या पाल्याला काडी लावली. सगळेच लावतात, भुई साफ झाली की फूल चटकन दिसतं. पण आदल्या रात्री अवकाळी बरसला होता. ओल्या पाल्याचा धूर उठला अन् तारा दिसेनाशा झाल्या. त्याची तीन वर्षांची मंगली तिथंच खेळत होती. तेवढ्यात जंगलाची मोजणी करणारं छोटं विमान आलं. आत एकच माणूस. विमानानं एक घिरटी घातली, खाली आलं, आणखी खाली आलं, अन् धुरात शिरलं. तार तुटली, विमान नाल्यात कोसळलं. माणूस जागीच गेला.

पोलीस आले तेव्हा लालसू म्हणाला, “साहेब, मी इथी नव्हतोच.” त्या दिवसांत रानात धूर कुठं नसतो? कोणी जास्त विचारलं नाही. पुढं खाणवाल्यांनी लाइन दुसरीकडून नेली. तारा उतरवल्या, खांब तेवढे राहिले.

लालसू अनवाणी पळत सुटला. नाला ओलांडला अन् त्याच्या कानावर आवाज आला. गुं... गुं... तारांतून बिजली जाताना येतो तसा. त्यानं मान वर केली. खांबावर एकही तार नव्हती. मग नाकात वास शिरला, ओला पाला जळल्याचा.

सुकरी मोहाखाली उभी होती. टोपली कडेवर, तोंड आभाळाकडं. ना आग, ना राख.

“चाल वं घरी!”

“हळू बोला...” ती कुजबुजली. “तो ऐकून राह्यला.”

“कोण?”

“मले दिसत नाई. मघापासून एकच विचारून राह्यला... लेकरू वाचलं का?”

लालसूनं झाडाचं खोड धरलं.

“म्हणते, वरून धूर दिसला. धुरापाशी लेकरू दिसलं. वाटलं, जळून जाईन बिचारं... म्हून खाली आलो.” सुकरीनं नवऱ्याकडं पाहिलं. “कोणतं लेकरू हो?”

डोक्यावरचा आवाज वाढत चालला. पानं थरथरू लागली. लालसू मटकन खाली बसला, हात जोडले अन् लहान पोरासारखा रडू लागला.

“माही आग होती, साहेब... माहीच. लेकरू हाये. मंगली हाये घरी, जिती हाये...”

आवाज थांबला. एकदम. पाखरूसुद्धा बोलेना.

“सालभर मले काऊन नाई सांगितलं?” सुकरीनं विचारलं. लालसूनं टोपली उचलली अन् गावाची वाट धरली.

त्याच दिवशी लालसूनं गावासमोर सारं कबूल केलं. पुन्हा त्या मोहाखाली कोणी आग लावायची नाही, असं पंचांनी ठरवलं. लालसूला हलकं वाटलं. त्या रात्री तो भरपेट जेवला.

दुसऱ्या पहाटे दोघं फुलं वेचायला गेली, तर मोहाखालची भुई स्वच्छ झाडलेली, काडी लावायची गरजच नाही. एक पान नाही, पावलाचा ठसा नाही. सुकरीनं हात जोडले अन् फुलं वेचली. पुढल्या पहाटे ती झाडलेली जागा नाल्यापर्यंत आली होती. त्याच्या पुढल्या पहाटे नाल्याच्या अलीकडं, पायवाटेएवढी रुंद, गावाकडं तोंड करून.

मोहाचं शेवटचं फूल गळालं त्या सकाळी सुकरी अंगणात आली अन् जागीच थिजली. कुंपणापासून भुई झाडत झाडत कोणी आत आलं होतं, झोपलेल्या मंगलीच्या खाटेपर्यंत.