उम्लाहलांकोसीची फांदी

झिबुयिलेला त्या दिवशी फक्त एक फुललेली फांदी हवी होती. तेवढ्यासाठी ती सकाळी सातलाच गाडी काढून निघाली होती.

झुलू मुलखातल्या पोंगोला गावाकडे जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता. त्याआधी दोन्ही बाजूंच्या माळावर काय काय फुलतं याची यादी झिबुयिलेच्या हर्बेरियमने करून द्यायची होती. हर्बेरियम म्हणजे वाळलेल्या झाडांचं दप्तरच. माळावरून झाड आणायचं, रद्दीत दाबायचं, वाळवायचं, ओळखायचं, जाड कागदावर शिवायचं आणि नाव लिहून कपाटात ठेवायचं. सव्वीस वर्षं हेच करून तिची बोटं इतकी तयार झाली होती, की पान नुसतं चाचपून ती त्याचं कूळ सांगायची.

यादीत अडलं होतं ते उम्लाहलांकोसीपाशी. बोरीच्याच गोत्रातलं हे झाड. काटे जोडीने येतात, एक सरळ, एक आकडी. याला एक जुळी बहीण आहे. ती वेगळी काढायची तर पानाची खालची बाजू लवदार आहे की गुळगुळीत ते बघावं लागतं, आणि फूल हाती असलं म्हणजे शंकाच उरत नाही. पण फुलं उंचावर आणि खाली काट्यांची गर्दी. दुपारपर्यंत तिचे दोन्ही हात ओरबाडून निघाले, तरी धड फुललेली फांदी काही हाताला लागली नाही.

मग एका वळणावर ती दिसली. मरुलाच्या झाडाच्या बेचक्यात कुणीतरी नीट टेकवून ठेवलेली, ताजी कापलेली, हिरवट पिवळ्या चांदण्यांसारख्या फुलांनी भरलेली. पलीकडच्या कडेला एक टॅक्सी चाक काढून उभी होती आणि सावलीत उतारू बसले होते.

झिबुयिलेच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. ती झुलूच होती. माणूस घरापासून लांब मेला, की घरातलं वडीलधारं माणूस तिथे उम्लाहलांकोसीची फांदी घेऊन जातं, मेलेल्याला नावाने, कुळाने हाक मारतं आणि म्हणतं, चल घरी. तो फांदीवर येतो. टॅक्सीत त्याच्यासाठी वेगळी जागा घ्यायची, नदी आली की नदी आली म्हणून सांगायचं, आणि घरी पोचेपर्यंत त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. तिच्या आजोबांनाही असंच आणलं होतं. पण अशी फांदी कुणी हातातून सोडतं का? बकऱ्यांसाठी कापली असेल कुणीतरी, अशी तिने मनाची समजूत घातली. गरज पडली की माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतं हो.

तिने फांदी उचलली. आणि प्रत्येक झाडाला म्हणायची तिची जी सवय होती, तसंच म्हणाली, "चला, जाऊ या घरी."

गाडी सुरू केल्यावर आरशात एक म्हातारा दिसला. झुडपातून बाहेर येऊन गाडीमागे धावत होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन हलवत होता. तोंडाने मात्र काही ओरडत नव्हता. गाडीत जागा हवी असेल, असं तिला वाटलं. उशीर झाला होता. ती थांबली नाही.

पुढचे सोळा दिवस कामाचेच होते. तीन दिवस फांदी रद्दीत, वर दगडी वजन. रोज कागद बदलायचे. पण तिसऱ्या दिवशीही ते ओलेच निघाले तेव्हा तिने फांदी वाळवणीच्या पेटीत घातली, दिव्यांच्या उबेवर. मग किडे मरावेत म्हणून नऊ दिवस डीप फ्रीजरमध्ये. बाहेर काढली तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीला आतून बाष्प धरलं होतं. गोठलेल्या फांदीला कसलं बाष्प, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण कामाच्या रगाड्यात असल्या प्रश्नांना कोण विचारतंय? पानाची खालची बाजू गुळगुळीत होती. ओळख पटली होती, ती खूश होती. तिने फांदी कागदावर शिवली, गाठी मागे मारल्या, गळालेली दोन पानं लिफाफ्यात घालून कोपऱ्यात चिकटवली आणि खाली नाव लिहिलं.

सतराव्या दिवशी दुपारी तीनलाच अंधारून आलं. वीज गेली होती, आता या देशात ती रोजच जाते. झिबुयिले बॅटरीचा दिवा लावून एकटीच बसली होती. कपाटांच्या रांगांमध्ये डांबराच्या गोळ्यांचा वास साचला होता. आणि त्यात आज आणखी कसलातरी, धुराचा आणि आंबवलेल्या दुधाचा, गावाकडच्या घरासारखा. दार वाजलं.

बाहेर एक बाई होती, पन्नाशीची, खांद्यावर काळी शाल. तिच्या मागे तो म्हातारा, टोपी छातीशी धरून. झिबुयिलेने त्याला टोपीवरूनच ओळखलं.

"गाडीवर तुमच्या ऑफिसचं नाव होतं," बाई म्हणाली. "भावजींनी ते वाळूवर काढून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण जसं दिसलं तसं काढलं. मी मासिबिया. हे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, एल्फास."

"बसा, बाबा," झिबुयिले म्हणाली. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली.

"ते बोलणार नाहीत," मासिबिया म्हणाली. "सतरा दिवस जिवंत माणसाशी बोललेले नाहीत. घरी पोचल्याशिवाय बोलता येत नाही ना. आणि पोचणार कसे? म्झामो त्यांच्या हाती कुठे आहे?"

झिबुयिलेला बेचक्यातली ती फांदी आठवली.

"माझा मुलगा त्या रस्त्यावर गेला, बहिणी. बस उलटली. भावजी त्याला घेऊन येत होते. टॅक्सीचं चाक फुटलं, यांना लघवीला लागली. फांदी घेऊन कसं जायचं, आणि जमिनीवर तर ठेवायची नाही. म्हणून झाडात ठेवली. दोन मिनिटं..."

"मला हाक मारायला हवी होती त्यांनी," झिबुयिले पुटपुटली, आणि मग तिला आठवलं, त्याला बोलायचंच नव्हतं.

"दुसरी फांदी घेऊन परत गेले होते ते. खूप हाका मारल्या. तिथे आता कुणी नाही." मासिबियाने शाल आवळली. "तो माझ्या स्वप्नात येतो. पहिले तीन दिवस म्हणायचा, आई, छातीवर ओझं आहे. मग म्हणाला, आई, भाजतंय."

बाहेर गडगडलं.

"मग कितीतरी दिवस नुसता कुडकुडायचा... दात वाजायचे. आई म्हणायचंसुद्धा त्याला जमेना. आता परवापासून म्हणतोय, आई, मला बांधलंय. दोऱ्यानं." ती झिबुयिलेच्या तोंडाकडे बघत राहिली. "बहिणी, तुम्ही त्याचं केलंत तरी काय?"

काय सांगणार? नियमाप्रमाणे केलं, म्हणून? झिबुयिलेला रडू फुटलं. ते तिने लपवलं नाही. नोंद झालेला कागद इमारतीबाहेर जात नाही, असाही एक नियम होता. त्याचा तिने विचारही केला नाही. दिवा उचलून ती बोरीच्या कुळाच्या कपाटाकडे गेली. दोघं मागोमाग आले. उम्लाहलांकोसीचे बेचाळीस कागद होते, शंभर वर्षांत जमलेले. सगळ्यात खालचा तिने काढला, टेबलावर ठेवला आणि छोट्या कात्रीने एकेक टाका कापायला घेतला. प्रत्येक टाका तुटला, की मासिबिया श्वास सोडायची.

"पूर्ण आहे ना? काही टाकलंत तर नाही?"

"नाही, मासिबिया. गळलेली पानंसुद्धा लिफाफ्यात आहेत. आमच्यात काही टाकत नाहीत." एवढं तरी तिला सांगता आलं.

एल्फासने दोन्ही हात पुढे केले. फांदी हातात येताच तो वाकला आणि त्याच्या गळ्यातून आवाज निघाला, खरखरीत, पण फक्त फांदीसाठी. "म्झामो. लेकरा. म्दलालोसेच्या कुळातल्या पोरा, आम्ही आलोय. चल."

मग तो पुन्हा गप्प झाला. पण जाईना. उघड्या कपाटासमोर उभा राहून वरच्या खणांकडे बघत राहिला. त्याने मासिबियाची बाही ओढली, कपाटाकडे बोट केलं, ओठ हलवले, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"घरी गेल्यावर सांगा, भावजी," ती हळूच म्हणाली. "बस चुकेल. त्याची जागा धरून ठेवली आहे."

पावसात ती तिघं गेली. तिघं असंच झिबुयिलेला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. वीजही आली होती. दहा वाजता फोन वाजला.

"पोचलो," मासिबिया म्हणाली. "रात्री तो शांत झोपला. मीसुद्धा." मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी हसत होतं. "त्याच्या नावाचा बैल उद्या कापणार. तुम्ही यायचं हं. तुमच्यावर राग नाही ठेवला आम्ही."

"येईन." झिबुयिलेने डोळे पुसले. "बाबा बोलले का?"

"बोलले ना. उंबरठा ओलांडल्यावर पहिलं काय बोलले असतील? तुमच्यासाठीच निरोप." तिचा आवाज खाली आला. "म्हणाले, म्झामो सांगत होता, तिथे तो एकटा नव्हता. त्याच्या वर एक म्हातारी आहे. फार जुनी. ती त्याला रोज विचारायची, तुला न्यायला आलं का रे कोणी?"

झिबुयिलेने पेन हातात घेतलं. "कोण... कोणाची? नाव विचारलं का?"

"म्झामोने विचारलं होतं. नाव कळलं तरच तिच्या लोकांना हाक देता येईल. पण तिला आठवत नाही, बहिणी. म्हणते, इथे मला भलत्याच नावाने ठेवलंय. ते माझं नाही, एवढंच आठवतं."

फोन ठेवून झिबुयिले उठली. मग तिने कपाट उघडलं. लांब टेबलावर एकेचाळीस कागद ओळीने मांडले. कुठे नदीकाठ, कुठे पायवाट, कुठे लाल माती. गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख, झाडाची उंची. सगळं काही लिहिलेलं होतं. फांदीवर कोण आहे, ते सोडून. एवढा मोठा संग्रह, आणि तिला कधी शंकाही आली नव्हती याची तिला लाज वाटली.

तिने खिडक्या बंद आहेत याची खात्री केली. पंखा बंद केला. मग जमिनीवर बसली, वडीलधाऱ्यांसमोर बसतात तशी, आणि नजर खाली ठेवून म्हणाली, "आजी, मला तुमचं नाव माहीत नाही. पण तुम्ही कुठल्या कागदावर आहात ते सांगा. मी तुमची माणसं शोधीन."

काही क्षण काहीच झालं नाही. मग वर, टेबलावर, वाळलेलं पान कागदावर घासल्यासारखा बारीक आवाज झाला. डावीकडच्या टोकाला.

तिने मान वर करायच्या आत मधूनही एक आला.

मग उजवीकडून. मग पुन्हा डावीकडून, आणि मग ती मोजेनाशी झाली.