मनीची आई आणि सगळ्यांचा मामा

त्या दिवशी पहाटे एक परका माणूस तिच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला, आणि तिने त्याला उठवलं नाही. दया आली म्हणून नव्हे. उठवायचं म्हणजे हात हलवायचा, काहीतरी बोलायचं, मग तो 'सॉरी' म्हणणार, मग आपण 'असू दे' म्हणायचं… एवढं सगळं करायचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं.

पोहण्याच्या तलावाची गॅलरी ती. ओलसर बाक, काचांवर साचलेली वाफ, औषधी पाण्याचा नाकात बसलेला वास. बाहेर अजून धड उजाडलं नव्हतं आणि खाली पोरं पाणी कापत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे… बघता बघता डोळे मिटावेत असंच ते दृश्य. आजूबाजूचे आईबाप शाली गुंडाळून पेंगत होते. तिची लेक चौथ्या पट्ट्यात उताणी पोहत होती. घरचं नाव मनी. मांजरीचं नाव आणि दिवसाचे चार तास पाण्यात, असं म्हणून सगळे हसायचे.

खाली प्रशिक्षक मॅडमनी शिट्टी फुंकली. तो माणूस दचकून उठला.

"अरे बापरे… मी तुमच्यावर…?"

"हो."

"बराच वेळ?"

"ती उंच पोरगी तुमची ना?" तिने विचारलं. "तिचं वॉर्मअप सुरू झाल्यापासून."

त्याने कपाळावर हात मारला. हातावरचा मैदा कपाळाला लागला. तिने आपल्या काळ्या स्वेटरकडे पाहिलं. खांद्यावर पांढरा शिक्का उमटला होता.

"बेकरी आहे माझी," तो ओशाळून म्हणाला. "पहिली भट्टी काढून सरळ इकडे येतो. आणि पोरगी नाही, भाची. ताईची रात्रपाळी असते इस्पितळात, म्हणून हे काम मामाकडे."

त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेला पाव काढून तिच्यापुढे धरला. अजून हाताला ऊब लागेल इतका ताजा.

"नुकसानभरपाई," तो म्हणाला, आणि हसला.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मेणात दात बसवायचे, घासायचे, रंग जुळवायचा. त्यामुळे माणूस हसला की तिचं लक्ष आधी दातांकडे जायचं. ह्याचा वरचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर जरासा रेलला होता.

'झोपेत असेल,' तिच्या मनात आलं. आणि कितीतरी दिवसांनी तिला आपलं आपणच हसू आलं.

मग रोजच गाठ पडू लागली. भाचीला सगळे जिराफ म्हणत, आणि जिराफ 'मामा, टॉवेल!' 'मामा, चष्मा!' असा सतत घोष करायची, म्हणून अख्खी गॅलरी त्याला मामाच म्हणायची. पन्नाशीच्या बायकाही मामा आणि वॉचमनही मामा. जिराफ आणि मनी शेजारशेजारच्या पट्ट्यात, दोघीही बॅकस्ट्रोकवाल्या, दोघीही जिवलग. अडचण एवढीच की मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात बॅकस्ट्रोकची जागा एकच होती.

"आपण खरं तर एकमेकांचे शत्रू," तो एकदा म्हणाला.

"मग पाव कशाला आणता?"

"शत्रूला जाड करायचं असतं."

ती हसली की तो खूश व्हायचा. आणि ती हल्ली जरा जास्तच हसत होती. घरी एकटीचा कारभार. नवरा दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसलेला. पहाटे मनीला उठवायचं, तलाव, शाळा, लॅब, पुन्हा तलाव, स्वयंपाक, ओले टॉवेल. टॉवेल तर वाळायचेच नाहीत कधी. बिचारे तेही दमत असतील. ह्या सगळ्यात पहाटेचा तेवढाच एक तास असा होता की शेजारी कुणीतरी पावाच्या वासाचं बसलेलं असायचं आणि काही मागायचं नाही.

"तुमचा वरचा दात वळलाय," एके दिवशी ती पटकन बोलून गेली.

"माहितीये. सरळ होईल?"

"होईल."

"करू का मग?"

तिने पाण्याकडे पाहिलं. "…नका करू."

त्या दिवशी मग त्याला झोप आली नाही, एवढं तिच्या लक्षात आलं.

तेवढ्यात मनी खालून ओरडली, "मामाऽ, माझी बाटली फेका ना!"

त्याने बाटली फेकली आणि वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "एक सांगू? तुमच्या मनीला मला मामा म्हणू देऊ नका."

"का हो? सगळं जग म्हणतं."

"जगाने म्हणू दे. पण मनीचा मामा म्हणजे तुमचा मी कोण झालो?"

"भाऊ," ती ओठ दाबून म्हणाली.

"तेच. तेवढं नको…"

कान तापले तिचे. काचेवरच्या वाफेत तिने बोटाने उगाचच एक रेघ ओढली.

निवडीला आठवडा उरला असताना तो एका सकाळी पाव न घेता आला. बसला, उठला, पुन्हा बसला.

"मनीचा उजवा खांदा दुखतोय," तो म्हणाला. "बरेच दिवस. तिने जिराफला शपथ घातली होती. जिराफने काल रडत रडत मला सांगितलं. मनी दप्तरसुद्धा डाव्या हाताने उचलते म्हणे. दाखवून घ्या. आणि… तिला निवडीत उतरवू नका."

तिच्या तोंडातून भलतंच निघालं.

"मनी नाही उतरली तर जागा कुणाला?"

तो बोटांवरचा मैदा खरवडू लागला.

"बोला ना. कुणाच्या भाचीला?"

"मला वाटलंच होतं तुम्ही हे विचाराल," तो हळूच म्हणाला.

"मग कशाला आलात सांगायला?"

"खांदा तुमच्या मुलीचा आहे म्हणून."

ती उठली आणि गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिकडचा बाक जास्तच ओला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने मनीला दोरीवर टॉवेल टाकायला सांगितले. मनीने सगळे डाव्या हाताने टाकले.

"आता उजव्याने."

मनीने हात वर केला. खांद्याच्या जरा वर गेला, आणि तिथेच तिचा चेहरा पिळवटला.

"जिराफने सांगितलं ना? चोंबडी! मी परत तिच्याशी बोलणार नाही!"

"अगं पण तू मला का नाही सांगितलंस?"

मनी रडायला लागली. मोठी माणसं रडतात तशी, आवाज न करता.

"तू रोज पहाटे उठतेस. लॅबमधून तशीच पळत येतेस. माझ्यासाठी तू एवढी दमतेस… आणि मीच नाही पोहले, तर तू कशासाठी दमलीस?"

"मी कधी म्हटलं गं, मी दमले?"

"कधीच नाही म्हटलंस," मनी म्हणाली. "म्हणून तर मला भीती वाटते."

ओल्या टॉवेलांखाली ती मनीला कुशीत घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. दोघींच्या डोक्यावर पाणी ठिबकत होतं. उठून जागा बदलावी, एवढंही तिला सुचलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं आणि मोजक्या शब्दांत सांगितलं. खांद्याचा स्नायू दुखावलाय, काही महिने पोहणं बंद. अजून ताणलं असतं तर पुढे पोहण्याचं नावच काढता आलं नसतं.

संघात जिराफ गेली.

मनीचं कपाटातलं सामान आणायला ती तलावावर गेली, तेव्हा गॅलरीत कुजबूज चाललीच होती. एक आई दुसरीच्या कानात, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बघितलंस? मामाने हिला बरोब्बर मामा बनवलं."

एरवी ती ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून गेली असती. भांडायलाही अंगात जोर लागतो. पण त्या दिवशी ती थांबली.

"मला कुणी बनवलेलं नाही," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, तरी गॅलरीभर पोचला. "माझ्या मुलीचा हात दुखतोय हे मला दिसलं नाही. त्यांना कळलं, आणि ही अशी बोलणी खावी लागतील हे माहीत असून त्यांनी सांगितलं. तुमच्यापैकी कुणी सांगितलं असतं?"

शाली तेवढ्या सगळ्यांच्या नीट झाल्या.

तिथून ती सरळ बेकरीत गेली. दुपारची वेळ, दुकान रिकामं. तो मागे भट्टीजवळ पत्र्याचे ट्रे खरवडत होता. तिला पाहून त्याचा हात थांबला.

"चुकलं माझं," ती दारातूनच म्हणाली. बसून, पाणी पिऊन, मग माफी मागावी, एवढा धीर नव्हता.

"चुकलं कसलं? तुमच्या जागी मी असतो तर ट्रे फेकून मारला असता."

"हसवू नका. मी वाईट बोलले."

"मीही काही साधुसंत नाही," तो म्हणाला. "जिराफने सांगितलं, तेव्हा एक क्षण मनात आलंच… गप्प बसलो तर? मनी उतरेल, हरेल, कुणाला काही कळायचं नाही. तुम्हीही माझ्याशी बोलत राहिल्या असता. लालूच जिराफच्या जागेची नव्हती. पहाटेच्या त्या बाकाची होती."

भट्टीची धग चेहऱ्यावर येत होती. तिने पदराने कपाळ पुसलं, आणि पदर डोळ्यांपर्यंत गेला.

"मनी कशी आहे?" त्याने विचारलं.

"रुसलीये. जगावर."

"इकडे जिराफ अडून बसलीये. मनी बोलल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही म्हणते."

"मग?"

"मग काय… दोन रुसलेल्या बायकांमध्ये मी एकटा. वाचवा."

घरी तिने मनीला सगळं सांगितलं. काही पढवलं नाही, समजावलं नाही. मनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तोंड न वळवताच म्हणाली, "ती वळणं घाण घेते. भिंत कधी येते तेच कळत नाही तिला. वर झेंडे लावलेले असतात, ते दिसले की हात मोजायचे असतात. कुणीतरी सांगायला पाहिजे."

स्पर्धा दुसऱ्या शहरात होती. बेकरीच्या गाडीतून चौघं गेली. जाताना मनी खिडकीला चिकटून बसली होती, जिराफ दुसऱ्या खिडकीला, आणि मधे पावांचे रिकामे ट्रे. एकही शब्द नाही. पण शर्यतीला जिराफ पाण्यात उतरायच्या आधी वर गॅलरीत शोधत राहिली, तेव्हा मनी बाकावर उभी राहिली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "झेंडे दिसले की मोज गंऽ! मोज आणि वळ!"

जिराफने मोजलं. वळण झकास घेतलं. तरी पाचवी आली. वरच्या चौघी भलत्याच चपळ होत्या. पाण्यातून बाहेर येऊन ती रडली, मग मनीने तिला टॉवेलने बडवलं, मग दोघी हसल्या, आणि मग दोघींनी मिळून मामाच्या पैशाने आइस्क्रीम खाल्लं.

परतीच्या वाटेवर मागे दोघी एकमेकींवर कोसळून झोपल्या. ऊन उतरलं होतं. रिमझिम पाऊस येऊन गेला होता आणि रस्त्याला ओल्या मातीचा वास होता. गाडीत पावाचा. वायपर उगाचच फिरत होते, बंद करायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"हं."

"तुम्ही दमलात की कुणाला सांगता?"

तिने खरोखर विचार करून पाहिला. आई गेली होती. मैत्रिणी आपापल्या घरात. मनीला तर कधीच नाही.

"कुणालाच नाही."

"मला सांगत जा," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मी काही सोडवू शकणार नाही. माझंच निम्मं आयुष्य झोपेत जातं. पण… सांगत जा. रोज. पहाटे, दुपारी, म्हातारपणीसुद्धा. मला तुम्ही हव्या आहात. दमलेल्या असाल तर दमलेल्या."

शेतं मागे पडली, एक पूल मागे पडला. त्याने धीर सोडून गिअर बदलला, तोही चुकीचा. गाडी कण्हली.

"दमलेय मी," ती म्हणाली.

एवढंच. पण ते बोलताना तिचे खांदे असे खाली आले की ते इतकी वर्षं वर चढवून ठेवलेले होते, हे तिचं तिलाच कळलं. डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही. तिने हात पुढे केला आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर ठेवला.

"खूप दमलेय. आणि अजून काही महिने तलावासाठी उठायचंच नाहीये, तरी उद्या पहाटे मला जाग येणार."

"मला पण," तो म्हणाला.

"मग ये. चहा ठेवीन."

'ये' म्हणाली ती. 'या' नव्हे. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि तो वाकडा दात सगळाच्या सगळा दिसला.

"समोर बघ," ती म्हणाली. "आणि हळू चालव. पोरी झोपल्यात."